घारीसाठी चार बोटं सूत

रविवार, १३ नोव्हेंबर १९८८

दिवाळीची सुट्टी संपत आली आणि मागच्या शिरीषावर घारींचं बांधकाम पुन्हा सुरू झालं. आज सकाळी नर छत्रीची काडी घेऊन आला. हरी म्हणाला, "पावसाळा संपल्यावर छत्री आणतोय, म्हणजे नगरपालिकेतलाच असणार." तो स्वतः नगरपालिकेत कारकून आहे, त्यामुळे असले विनोद हक्काने करतो. मी त्याला नावाने हाक मारते, हे आमच्या आळीला लग्नाच्या एकोणीस वर्षांत पचलेलं नाही.

यंदा नोंद ठेवायची असं ठरवलं आहे. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने दोन वर्षं नुसतं गच्चीवर उभं राहून हळहळायचं, हे काही बरं नाही. हे झाड आमचं घर आणि मागची लूमची शेड यांच्या मधोमध आहे, घरटं गच्चीवरून तीस पावलांवर. तरी पहिल्या वर्षी अंडी फुटली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. गेल्या वर्षी दोन पिल्लं झाली आणि आठवड्याभरात गेली. जूनच्या वादळात ते घरटं खाली पडलं तेव्हा मी ते वर्तमानपत्रावर ठेवून सोडवून पाहिलं होतं. विजेच्या तारा, कापडाच्या गाठी बांधायची पत्र्याची पट्टी, सायकलच्या चाकाच्या तारा. झाडाच्या काड्या मोजून अकरा. मधल्या खळग्यात मऊ असं काहीच नाही, तारेच्या टोकाला अंड्याचं वाळलेलं कवच.

मला वाटतं रोग इथेच आहे. गावाकडची घार घरट्यात लोकर, गवत, चिंध्या अंथरते. इथे गवत नाही, आणि लूमच्या गावात चिंधी सुद्धा रस्त्यावर पडू देत नाहीत, पोती भरून विकतात. मग तिने पिल्लांना कशावर निजवायचं?

या झाडावरून एक तरी पिल्लू उडालेलं मला पाहायचं आहे. एवढंच. देवाकडे काही मागायची सवय नाही, तेव्हा हालचाल मलाच करायला हवी.

रविवार, २७ नोव्हेंबर

आज मागच्या शेडमध्ये इद्रीस मिस्त्रींकडे गेले. लूम बिघडला की अख्ख्या गल्लीत त्यांनाच बोलावतात. तिथल्या खडखडाटात बोलायचं म्हणजे भांडल्यासारखं ओरडावं लागतं.

"टाकाऊ सूत पाहिजे, मिस्त्री. घारीच्या घरट्यासाठी. मऊ हवं."

"चील के वास्ते?" ते हसले. "सूत अब कहाँ रहा, बाई? साल भर से सब पोलिस्टर चल रहा है. ये ले जाओ, देखो, कैसा मुलायम है. लेकिन संभाल के. उंगली कट जाएगी, ये नहीं टूटेगा."

मी तिथेच तोडून पाहिलं. खरंच तुटलं नाही, बोटाला वळ उठला. मला तर आनंदच झाला. वादळात पडणारं घरटं नको, टिकणारं हवं. मिस्त्री आणखी काही सांगत होते, पण लूमच्या आवाजात ऐकू आलं नाही.

घरी आणून सोड्याच्या गरम पाण्यात दोनदा धुतलं, यंत्राचं तेल पिल्लांच्या अंगाला लागायला नको. आपलं सूत ओळखू यावं म्हणून नीळ घातली, पण एका धुण्यात सगळी निघून गेली. अजब आहे. शेवटी हरीचा जुना लाल स्वेटर उसवला आणि प्रत्येक दोऱ्याच्या मधोमध लोकरीची एकेक गाठ मारली. आखूड तुकडे वाऱ्याने उडतील म्हणून हातभर लांबीचे ठेवले आहेत. हरी म्हणतो, "माझा स्वेटर गेला, घारीचं डोहाळजेवण झालं."

रविवार, ११ डिसेंबर

घेतलं! पंधरा दिवस ढुंकून पाहिलं नाही आणि आज सकाळपासून मादीने नऊ दोरे नेले. पंजात दोरा धरून ती उडाली की लाल गाठ मागे हलताना दिसते. मला इतका आनंद झाला की मी गच्चीवर टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गच्चीवरच्या काकूंनी पापड वाळत घालता घालता माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

शनिवार, १४ जानेवारी १९८९

संक्रांत. मादी अंड्यांवर बसल्याला आज सतरावा दिवस. सकाळपासून गच्च्यांवर पतंगांचा नुसता धिंगाणा आणि शिरीषाच्या शेंड्याला तीन पतंग अडकलेत. हा काच लावलेला मांजा म्हणजे पक्ष्यांचा काळ आहे. शाळेत दरवर्षी सांगते, पोरी माना डोलावतात आणि घरी जाऊन भावाची फिरकी धरतात. आज गल्लीतल्या दोघांना चांगलंच फैलावर घेतलं. हरीने मध्ये पडून त्यांना तिळगूळ दिला.

रविवार, २९ जानेवारी

पिल्लं बाहेर आली. नक्की दोन, मादीने मटणाचा तुकडा फाडून दोन ठिकाणी चोच वाकवली.

आणि आजच इथल्या साप्ताहिकात माझा लेख आला! अर्धं पान. घारीच्या पिल्लांना मऊ अंथरूण कसं मिळेल, ते सांगितलं आहे. प्रत्येकाने गच्चीवर लूमच्या टाकाऊ सुताचे हातभर दोरे ठेवावेत आणि मोजणीसाठी मध्ये लाल लोकरीची गाठ मारावी, म्हणजे किती सूत घरट्यांत गेलं ते कळेल. खाली माझं नाव पदवीसकट. हरीने चार प्रती आणल्या. मी म्हटलं चार कशाला, पण एक मी कपाटात ठेवली आहे.

रविवार, १२ फेब्रुवारी

शाळेतली शिपाई कमळा परवा प्रयोगशाळेत आली आणि दार लावून घेतलं. ती वळ गावची. तिकडे शेतं विकून गोदामं उठतायत, झाडं पडतायत. तिचा भाऊ बाळाराम पूर्वी माडावर चढायचा, आता गोदामवाल्यांसाठी झाडं पाडतो.

"बाई, तुमचा लेख सुनेनं वाचून दावला. माजा नातू रामू आठ दिस तापानं फणफणला व्हता. मी पत्र्यावर दोरा ठेवला, तांबडी गाठ मारून. सांच्याला घारीनं नेला आन सकाळच्याला ताप उतरला."

मी तिला समजावलं की असला ताप आठ-नऊ दिवसांत आपोआप उतरतो, घारीचा काही संबंध नाही. ती "व्हय बाई" म्हणाली आणि माझ्या पाया पडली. मिस्त्री सांगत होते, त्यांच्याकडे माणूस आजारी पडला की त्याच्यावरून मटण ओवाळून घारींना टाकतात, त्याला सदका म्हणतात. आता त्यांच्या निजामपुऱ्यात काही घरांतून मटणाबरोबर दोराही ठेवू लागलेत.

मी देवाधर्माच्या असल्या भानगडींची कट्टर वैरीण. पण खरं सांगायचं तर फार रागावता आलं नाही. आज गच्चीवरून मोजलं, सतरा गच्च्यांवर पांढरे दोरे होते. लोकांचं कारण चुकीचं असेल, काम तर बरोबर होतंय. शिवाय मुख्याध्यापिकाबाईंनी प्रार्थनेच्या वेळी माझं नाव घेतलं.

रविवार, २६ फेब्रुवारी

पिल्लं कोंबडीएवढी झाली. शिरीषाची पानं गळल्यामुळे सगळं स्वच्छ दिसतं. मोठ्याची एक गंमतशीर सवय लक्षात आली, तो सारखा एका पायावर उभा असतो. धाकटा तर महाआळशी. घरट्याच्या मधूनच हलत नाही, आईने काठावर मांस ठेवलं तरी तिथूनच मान लांब करतो. आई अधूनमधून त्याच्या पायाशी चोचीने ओढाओढ करते, बहुधा उठवत असावी. लाडोबा आहे. हरीने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "त्याला उठता येत नाहीये असं तर नाही ना?" मी म्हटलं, तू आपली घरपट्टी बघ.

रविवार, १२ मार्च

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी साडेसातला मोठ्याने पंख पसरले, काठावरून झेप घेतली आणि दोन हात खाली जाऊन उलटा लटकला. डावा पाय वर, डोकं खाली, पंखांची नुसती फडफड. आई वरून घिरट्या घालत ओरडत होती. मला मांजा दिसलाच, म्हणजे दिसला असं वाटलं. गल्लीत उतरले आणि पतंगवाल्या पोराच्या हातातली फिरकी हिसकावून गटारात फेकली. त्याची आई भांडायला आली, मी तिच्याशीही भांडले.

हरी वळ गावी जाऊन बाळारामला घेऊन आला. त्यात दोन तास गेले. तोवर पिल्लाची फडफड थांबली होती. तरीही आई एकदा आली, त्याच्या शेजारच्या फांदीवर बसली आणि आणलेला उंदीर त्याच्या चोचीपाशी धरून राहिली.

बाळाराम दोर कमरेला बांधून वर गेला. खाली वाकून बराच वेळ काहीतरी पाहत राहिला, मग हाक मारली, "बाई, घरटं सगलं उतरवतो. यातून पोर सुटं व्हायचं न्हाय."

घरटं खाली पसरलेल्या गोणपाटावर ठेवलं. काड्यांच्या आत सगळं पांढरं, बोटभर जाड, घोंगडीसारखं दाबून बसलेलं. लटकलेलं मोठं पिल्लू मेलं होतं. धाकटं जिवंत होतं, पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काळा, वाळलेला, आणि दोऱ्याचे वेढे मांसात रुतून वर कातडी वाढलेली. बाळारामने लूमवाल्यांची कात्री लावली तर दोऱ्याबरोबर पायच सुटून आला. रक्तसुद्धा आलं नाही.

"मांजा तर कुठंच न्हाय," बाळाराम म्हणाला. "ही कारखान्याची दोरी हाय. कुनी दिली?"

काळ्या पायाला लाल लोकरीची गाठ होती. हरीच्या स्वेटरची. हरीने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि बाळारामला चहाला घेऊन आत गेला.

जाताना बाळारामने विचारलं, "मान मुरगळू का, बाई? एका पायाची घार जगायची न्हाय." मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते मला माहीत नाही. दोरा मी धुतला, मी कापला, हातभर मी ठेवला. मिस्त्रींनी सांगितलं होतं की तो तुटत नाही, आणि ते मला कौतुक वाटलं. सुती दोरा पावसापाण्यात कुजतो, चोचीने तुटतो. हे मी आठवीच्या वर्गाला शिकवते, तंतूंच्या धड्यात.

गुरुवार, २३ मार्च

धाकटं आज गेलं. अकरा दिवस टोपलीत होतं. मिस्त्री रोज मटणाचे बारीक तुकडे आणून देत होते, पण पंजाने धरल्याशिवाय त्याला फाडता येईना आणि धरायला गेलं की ते कुशीवर पडे. मरताना वजन चारशे दहा ग्रॅम. सोन्यासारखं पिल्लू मारलं मी.

साप्ताहिकाच्या कचेरीत खुलासा घेऊन गेले होते. संपादक म्हणाले, "बाई, इतका गाजलेला लेख. लोक अजून विचारतात. आता त्यात मोडता कशाला घालता? पुढे बघू." मी खुलासा टेबलावर ठेवून आले. छापणार नाहीत हे मला तिथेच कळलं. आणि जिना उतरताना थोडं हलकं वाटलं, हेही लिहून ठेवते. पुन्हा गेले नाही.

रविवार, ५ नोव्हेंबर १९८९

सात महिने या वहीला हात लावला नव्हता. आज लावायला लागतोय, कारण जोडी त्याच शिरीषावर आली आहे.

मी एकही दोरा ठेवलेला नाही. पण गच्चीवरून मोजले तर एकसष्ट घरांवर दोरे आहेत. हे काही पक्ष्यांसाठी राहिलेलं नाही. पोराला खोकला, दोरा ठेव. सुनेला दिवस गेले, दोरा ठेव. मी मोजणीसाठी मारायला सांगितलेली लाल गाठ आता कोणी विसरत नाही, ती नसली तर म्हणे गुण येत नाही. गेल्या मोसमात मंडईमागच्या निलगिरीवर आणि टाकीच्या शिडीवर घरटी होती. दोन्हींतून वाळलेली पिल्लं लोंबत होती, हे मला पावसाळ्यात कळलं. बाळारामने सांगितलं, तेही सहज.

उद्यापासून घरोघरी जायचं.

रविवार, १९ नोव्हेंबर

चौदा दिवस, बावन्न घरं. रोज शाळा सुटल्यावर. मेलेल्या पिल्लाचा पाय मी फॉर्मलिनमध्ये ठेवला होता, ती बाटली पिशवीतून नेते आणि दाखवते. बायका शिसारी येऊन तोंड फिरवतात, मग चहा करतात. "तुम्हीच तर पेपरात लिहिलं होतं, बाई." "आमच्या पोराला गुण आला, आता बंद कसं करू?" एक तर म्हणाली, "तुम्हाला मूल नाही बाई, तुम्हाला नाही कळायचं." चहा प्यायले आणि उठले.

बावन्नातल्या चार घरांनी दोरे काढले. आज मादी दोन दोरे घेऊन आली.

शनिवार, २ डिसेंबर

आज एक गोष्ट केली. चांगली की वाईट ते आत्ता ठरवत बसत नाही.

कमळा प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होती. मी तिला पुन्हा पाय दाखवणार होते, पण बाटली काढायचाच कंटाळा आला. म्हटलं, "कमळा, तुम्ही दोरे चुकीचे ठेवताय. लांब दोरा अपायाचा असतो. चार बोटांपेक्षा लांब दोरा ठेवला, तर वर्ष उलटायच्या आत घार ते दुखणं परत आणून टाकते. आणि दोरा जुन्या सुती लुगड्याचा हवा. कारखान्याचा चालत नाही."

तिच्या हातातली नळी तशीच राहिली. "हे तुमाला कुनी सांगितलं?"

"पुस्तकात आहे," मी म्हटलं. वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी बोलले नव्हते, पण तोंडातून सहज निघालं.

"मंग बाई, माजा तो मागला..."

"तेव्हाचं तेव्हा. आता पुढचं बघ आणि सगळ्यांना सांग."

ती नळ्या तशाच ठेवून गेली. घाई झाली असेल, आज शनिवार, अर्धा दिवस होता.

रविवार, २४ डिसेंबर

बावीस दिवसांत काय झालं पाहा! एकसष्टांपैकी त्रेपन्न गच्च्या साफ. जिथे आहेत तिथे सुती तुकडे, चार चार बोटांचे, अगदी मोजून कापलेले. महिनाभर बाटली घेऊन वणवण केली तेव्हा चार घरं ऐकली आणि एका थापेने अख्खं गाव ऐकलं. मला हसू आवरेना. घारीही शहाण्या, आखूड तुकड्यांकडे बघतसुद्धा नाहीत. बाळारामला वर पाठवून अंडी होण्याआधीच घरट्यात आलेला सगळा कारखान्याचा दोरा काढून घेतला, त्या जागी मी नारळाच्या काथ्याचा भुगा आणि सुकं गवत दिलं. मादीने ते ठेवून घेतलं. आज अंड्यांवर बसल्याचा चौथा दिवस.

हरीला मात्र हे पसंत नाही. "तू उद्या काहीही सांगितलंस तरी ही माणसं ऐकणार, सुनीती. याची भीती नाही वाटत तुला?" मी म्हटलं, तुझ्या नगरपालिकेचं कोणी ऐकत नाही म्हणून तुझा जळफळाट होतोय.

रविवार, २१ जानेवारी १९९०

दोन पिल्लं. काल की आज ते नक्की नाही, पण दोन.

रविवार, १८ फेब्रुवारी

पिल्लं घरट्यात चालतात! दोन्ही, दोन्ही पायांवर. धाकटं तर काठावरून काठावर उड्या मारतं. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढू शकत नाही. आज हरीही तासभर माझ्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

कमळा आठवडाभर शाळेत आलेली नाही. रामूला गोवर निघालाय असं तिचा भाऊ सांगून गेला. वळ गावी जाऊन यायला हवं. परीक्षांचे पेपर काढायचे आहेत, पुढच्या रविवारी बघू.

रविवार, २५ फेब्रुवारी

रामू काल सकाळी गेला. गोवर छातीत उतरला. डॉक्टरकडे नेलं होतं, इंजेक्शनं झाली होती, कोणी हयगय केलेली नाही. साडेतीन वर्षांचा होता.

मी आणि हरी जाऊन आलो. ओटीवर बायका बसल्या होत्या, मध्ये कमळा. मला पाहून ती उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, इतर कोणाला उठू दिलं नाही. तिच्या घराच्या पत्र्यावर सुती दोऱ्यांचे चार चार बोटांचे तुकडे दगडाखाली ठेवलेले होते, पुष्कळ, एकावर एक. एकही घारीने नेलेला नव्हता. बाळाराम म्हणाला, "रोज एक ठेवत व्हती. सगल्या दिस वर बघत बसायची."

मला तिथे बसवेना. हरी माझ्यासाठी लवकर उठला.

शुक्रवार, ९ मार्च

काल तेरावं झालं आणि आज कमळा कामावर आली. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत एकटी होते. तिने फरशी पुसली, बादली दारापाशी ठेवली आणि उभी राहिली.

"बाई, एक इचारू का?"

"विचार ना."

"मागल्या साली मी रामूसाठी ठेवला तो दोरा हातभर व्हता. कारखान्याचा व्हता. गोवराचा ताप चढला तवा वरीस उलटायला दोन दिस बाकी व्हते. तोच परत आनून टाकला ना घारीनं?"

तिने हे शांतपणे विचारलं. तीन महिने ती याचा हिशेब करत असणार. त्या शनिवारी परीक्षानळी हातात धरून उभी होती, तेव्हापासून. आणि मला वाटलं होतं की तिला घरी जायची घाई आहे.

मी तिला खाली बसवलं. तिच्यासमोर फरशीवर बसले. "कमळा, ते खोटं होतं. मी बनवून सांगितलं. कुठल्याही पुस्तकात नाही. दोऱ्याने घारीच्या पिल्लांचे पाय तुटत होते, माझं कोणी ऐकत नव्हतं, म्हणून मी थाप मारली. रामूला गोवर झाला होता. तो गोवराने गेला. तुझ्या दोऱ्याने नाही. तुझी काही चूक नाही, चूक माझी आहे." कपाटातून बाटली काढली, पाय दाखवला, लाल गाठ दाखवली. मी रडत होते, ती रडत नव्हती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पदराने माझे डोळे पुसले.

"माज्या जिवाला बरं वाटावं म्हनून बोलता, बाई. मना कलतं. तुमी एवढ्या शिकल्या-सवरलेल्या, तुमी कशाला खोटं सांगाल?"

ती उठली, बादली उचलली आणि नववीच्या वर्गाकडे गेली. मी घंटा होईपर्यंत तिथेच बसून राहिले.

हरी जेवायला बोलावतोय. आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मोठं पिल्लू उडालं, ही नोंद राहिली होती. शेडच्या पत्र्यापर्यंत गेलं. दोन्ही पाय मोकळे होते.